१६५ मिलिसेकंद आणि ७२ सेकंद : एका गाजलेल्या पेपरचं वाचन

व्हर्च्युअलायझेशनमध्ये रिसर्च करायचा विचार असेल, तर एक पेपर तुमच्या वाटेत येणारच : ‘लाइव्ह मायग्रेशन ऑफ व्हर्च्युअल मशीन्स’. २००५ च्या एनएसडीआय परिषदेतला. ख्रिस्तोफर क्लार्क, कीर फ्रेझर, इयन प्रॅट, अँड्र्यू वॉरफिल्ड आणि आणखी चौघांनी मिळून लिहिलेला. मंडळी केंब्रिज आणि कोपनहेगन विद्यापीठांतली. चालू असलेलं व्हर्च्युअल मशीन बंद न करता एका सर्व्हरवरून दुसऱ्या सर्व्हरवर कसं न्यायचं, हे त्यांनी झेन या हायपरवायजरवर करून दाखवलं.

या पेपरमधलं एक वाक्य सगळ्यांना पाठ असतं : डाउनटाइम अवघा ६० मिलिसेकंद. प्रेझेंटेशनमध्ये, लिटरेचर सर्व्हेमध्ये, मुलाखतीत हाच आकडा येतो. माझं म्हणणं असं की हा या पेपरमधला सगळ्यात कमी उपयोगाचा आकडा आहे. खरा खर्च कुठे झाला ते याच पेपरच्या एका आलेखात स्वच्छ दिसतं, पण तिथपर्यंत फारसं कोणी जात नाही. आज तो आलेख आपण एकत्र वाचू. त्याआधी थोडी तयारी लागेल.

मुळात अडचण काय आहे?

किराणा दुकानाची उधारीची वही डोळ्यांसमोर आणा. दुकान रस्त्यापलीकडे हलवायचंय, पण गिऱ्हाईक थांबत नाही. मालक सतत वहीत लिहितोय. तुम्हाला ती वही दुसऱ्या वहीत उतरवून घ्यायची आहे. तुम्ही १ नंबरच्या पानापासून सुरुवात करता. शेवटच्या पानावर पोचेपर्यंत मालकाने मागच्या ३० पानांवर काही ना काही लिहिलेलं असतं. मग ती ३० पानं परत उतरवायची. तेवढ्यात आणखी ८ पानं बदलतात. ती उतरवायची. शेवटी २ पानं उरली की मालकाला म्हणायचं, “काका, एक मिनिट थांबा,” ती दोन पानं उतरवायची आणि नवं दुकान उघडायचं. यालाच प्री-कॉपी म्हणतात. तो ‘एक मिनिट’ म्हणजे डाउनटाइम.

हे चालायचं तर एक गोष्ट कळायलाच हवी : मागच्या फेरीनंतर कुठल्या पानांवर लिहिलं गेलं? मालक स्वतःहून सांगणार नाही. म्हणून तुम्ही प्रत्येक पानाला एक क्लिप लावून ठेवता. लिहायचं असेल तर मालकाला क्लिप काढावी लागते. फेरीच्या शेवटी ज्या पानांची क्लिप निघालेली आहे, ती ‘डर्टी’.

झेनने हेच केलं. आता तुम्ही विचाराल की प्रोसेसरच्या पेज टेबलमध्ये डर्टी बिट आयता असतो, तोच का नाही वापरला? कारण तो बिट गेस्ट ऑपरेटिंग सिस्टीमच्या ताब्यात असतो. गेस्ट आपल्या कामासाठी तो वाचतो आणि पुसतो. त्यात हायपरवायजरने हात घातला तर दोघांचाही हिशोब बिघडेल. म्हणून झेन मायग्रेशनच्या काळात गेस्टच्या पेज टेबलांची स्वतःची प्रत चालवतं, म्हणजे शॅडो पेज टेबल. त्यात सगळी पेजं सुरुवातीला फक्त वाचण्यापुरती खुली असतात. गेस्टने लिहायचा प्रयत्न केला की फॉल्ट होतो, कंट्रोल झेनकडे येतो, झेन बिटमॅपमध्ये त्या पेजचा बिट १ करतं आणि लिहायची परवानगी देतं. फेरी संपली की बिटमॅप उचलून पुसायचा, शॅडो टेबलं मोडून पुन्हा बांधायची, म्हणजे सगळ्या क्लिपा परत लागल्या.

बिटमॅपला जागा फार लागत नाही. ४ केबीच्या पेजला १ बिट, म्हणजे १ जीबी मेमरीला ३२ केबी. जागा हा प्रश्नच नाही. प्रश्न वेळेचा आहे, आणि अर्थाचाही.

‘डर्टी’ या शब्दाचा नेमका अर्थ

इथे थांबा, कारण बहुतेक गोंधळ इथेच होतो. डर्टी बिट सांगतो की मागच्या वेळी पाहिल्यानंतर या पेजवर एकदा तरी लिहिलं गेलं. बस्स, एवढंच. किती वेळा लिहिलं, ते सांगत नाही. किती बाइट बदलले, ते सांगत नाही. बदल झाला की जुनीच किंमत पुन्हा लिहिली गेली, तेही सांगत नाही. शून्याच्या जागी पुन्हा शून्य लिहिला तरी पेज डर्टीच.

याचा परिणाम किती मोठा होतो ते एका हिशोबात बघू. १ गिगाबिटची लाइन सेकंदाला १२.५ कोटी बाइट नेते. ४ केबीची पेजं धरली तर सुमारे ३०,५०० पेजं. आता ४ जीबीचं एक व्हीएम घ्या. त्यातला एक प्रोग्रॅम पहिल्या पेजपासून शेवटच्या पेजपर्यंत क्रमाने जातो, प्रत्येक पेजवर फक्त ८ बाइट लिहितो आणि शेवटी पोचला की पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. वेग सेकंदाला ३०,५०० पेजं. तो प्रत्यक्षात सेकंदाला लिहितोय किती? सुमारे २४४ केबी. पण हायपरवायजरच्या नजरेतून तो सेकंदाला १२५ एमबी घाण करतोय. अख्खी मेमरी पाठवायला जे ३४ सेकंद लागतात, तेवढ्यात अख्खी मेमरी पुन्हा डर्टी झालेली असते. फेऱ्या कितीही करा, मायग्रेशन संपणार नाही.

हे उदाहरण मुद्दाम टोकाचं घेतलं आहे. पण पेपर वाचताना ‘डर्टी रेट’ हा शब्द दिसला की हे आठवा. डर्टी रेट म्हणजे प्रोग्रॅमचा लिहिण्याचा वेग नव्हे. तो वेग पेजच्या आकारावर ठरतो आणि किती वेळाने बिटमॅप पाहिला, यावरही ठरतो. एकाच पेजवर सेकंदात हजार वेळा लिहिलं आणि तुम्ही सेकंदाने पाहिलं, तर मोजणी १.

क्लार्क आणि मंडळींना हे पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच त्यांनी ‘रायटेबल वर्किंग सेट’ ही कल्पना मांडली : सतत लिहिली जाणारी, आणि म्हणून आधी पाठवून काही उपयोग नसलेली पेजं. ५१२ एमबीच्या व्हीएममध्ये स्पेकचे बेंचमार्क चालवून, दर ८ सेकंदांच्या खिडकीत किती वेगळी पेजं डर्टी झाली, याचा आलेख त्यांनी दिला आहे. तो पेपरचा सगळ्यात भक्कम भाग आहे, असं मला वाटतं. ८ सेकंद हा आकडा पेपरमध्ये दिलेला आहे. तो वाचायचा विसरलात तर आलेखाचा अर्थच बदलतो. खिडकी १ सेकंदाची घेतली असती तर आकडे वेगळे आले असते, आणि प्री-कॉपीच्या शेवटच्या फेऱ्या तर सेकंदाच्याही आत उरकतात.

आता तो आलेख

प्रयोग असा : ८०० एमबी मेमरीचं व्हीएम, त्यात वेब सर्व्हर, १०० क्लायंट एकाच वेळी ५१२ केबीच्या फाइल्स ओढताहेत. सगळं गिगाबिट नेटवर्कवर. मायग्रेशनआधी थ्रूपुट सेकंदाला ८७० मेगाबिट. मायग्रेशन सुरू झालं. पहिली फेरी मुद्दाम १०० मेगाबिटच्या मर्यादेत ठेवलेली. ती ६२ सेकंद चालली आणि त्या काळात थ्रूपुट ७६५ वर आलं. पुढच्या फेऱ्या ९.८ सेकंद, थ्रूपुट ६९४. मग १६५ मिलिसेकंद पूर्ण बंद. नंतर सर्व्हर पुन्हा पूर्ण वेगाने सुरू.

लोक यातला १६५ उचलतात. आपण कागद-पेन घेऊ.

पहिली फेरी : ८७० वजा ७६५, म्हणजे सेकंदाला १०५ मेगाबिट कमी. गुणिले ६२ सेकंद : ६,५१० मेगाबिट.

पुढच्या फेऱ्या : ८७० वजा ६९४, म्हणजे १७६. गुणिले ९.८ : सुमारे १,७२५ मेगाबिट.

डाउनटाइम : ८७० गुणिले ०.१६५ : सुमारे १४४ मेगाबिट.

हिशोब ढोबळ आहे, आलेखावरच्या सरासरी आकड्यांवरून केलेला. तरी चित्र स्पष्ट आहे. गिऱ्हाइकांना जेवढा डेटा मिळाला नाही, त्यातला २ टक्क्यांहूनही कमी भाग डाउनटाइममध्ये गेला. उरलेला ९८ टक्के जवळजवळ ७२ सेकंदांच्या त्या काळात गेला, ज्याला आपण ‘लाइव्ह’ म्हणतो. मशीन चालू होतं हे खरंच, पण रखडत चालू होतं.

आता माझा मुख्य आक्षेप. हे १०५ मेगाबिट कुणी खाल्ले? मायग्रेशनची वाहतूक १०० मेगाबिटची होती. ८७० आणि १०० मिळून गिगाबिट लाइन जवळजवळ भरते. म्हणजे पहिल्या फेरीतली घट बरीचशी लाइन वाटून घेतल्यामुळे असू शकते. पण त्याच वेळी व्हीएम शॅडो पेज टेबलांवर चाललंय, दर नव्या लिखाणाला फॉल्ट होतोय, पेजं पाठवण्यात सीपीयूही जातोय. नेटवर्कचा खर्च किती, कॉपीचा किती आणि नुसत्या ट्रॅकिंगचा किती? या आलेखातून ते वेगळं काढता येत नाही. त्यासाठी एक साधा प्रयोग पुरला असता : ट्रॅकिंग चालू ठेवा, क्लिपा लावत राहा, बिटमॅप उचलत राहा, पण एकही पेज पाठवू नका. मग थ्रूपुट मोजा.

हा आक्षेप किरकोळ वाटेल. पण मोजण्याची क्रियाच मोजल्या जाणाऱ्या गोष्टीला धक्का देत असेल, तर तो किरकोळ राहत नाही. दर फॉल्टमुळे गेस्ट थोडा हळू होतो. हळू झाला की तो कमी पेजं डर्टी करतो. म्हणजे ट्रॅकिंग जितकं महाग, तितका डर्टी रेट कमी दिसू शकतो आणि मायग्रेशन तितकं लवकर संपू शकतं. क्लिपा घट्ट लावल्या, मालकाचं लिहिणं मंदावलं, आणि आपण म्हणतोय, “बघा, वही किती पटकन उतरवून झाली!”

पेपरच्या बाजूने

टीका करायची तर पेपरचं देणंही मान्य करायला हवं.

एक, त्यांनी स्वतःच्या पद्धतीला तोंडघशी पाडणारा प्रयोग करून छापला. एममंचर नावाचा छोटा प्रोग्रॅम. ५१२ एमबीच्या व्हीएममध्ये २५६ एमबीच्या पट्ट्यात सतत लिहीत राहतो. तिथे डाउनटाइम ३.५ सेकंद आला. ६० मिलिसेकंद आला होता तो क्वेक ३ या खेळाच्या सर्व्हरवर : ६४ एमबी मेमरी, सहा खेळाडू. मधे स्पेकवेब ९९ चे २१० मिलिसेकंद. एकाच पेपरात, एकाच पद्धतीने, ६० पासून ३,५०० पर्यंत. सारांशात त्यातला ६० गेला. तो आपण उचलला, यात लेखकांपेक्षा वाचणाऱ्यांचा दोष जास्त.

दोन, एका बिटमधून दोन गोष्टी काढायची त्यांची युक्ती. मागच्या फेरीत डर्टी झालेलं पेज पाठवायच्या आधी चालू फेरीचा बिटमॅप डोकावून बघायचा. तिथेही ते डर्टी दिसलं तर आत्ता पाठवण्यात अर्थ नाही, ते परत बदलणारच; सोडून द्या. ‘किती वेळा लिहिलं’ हे बिट सांगत नाही, पण लागोपाठच्या दोन बिटमॅपांतून त्याचा अंदाज बांधता येतो. हार्डवेअरची मदत नसताना केलेली ही युक्ती आजही शिकण्यासारखी आहे.

तीन, फार लिहिणाऱ्या प्रोसेसला ताब्यात ठेवायची सोय. एखाद्या प्रोसेसने ४० पेक्षा जास्त फॉल्ट केले की तिला थांबवून ठेवायचं. हे त्यांनी लपवलं नाही, उपाय म्हणून मांडलं. पण त्याचा अर्थ बघा : डाउनटाइम कमी ठेवायला गेस्टचा वेग कापला. डाउनटाइमचा आकडा सुधारतो, किंमत दुसऱ्या रकान्यात जाते.

पुढे काय झालं

या तिसऱ्या मुद्द्याचं पुढे झाड झालं. आज क्यूईएमयूमध्ये ऑटो-कन्व्हर्ज नावाची सोय आहे. मायग्रेशन आटोक्यात येत नसेल तर ती व्हीएमच्या व्हर्च्युअल सीपीयूला लगाम घालते : आधी २० टक्के, मग १० च्या पायऱ्यांनी वर, डिफॉल्ट कमाल मर्यादा ९९ टक्के. ९९ टक्के लगाम घातलेलं मशीन ‘चालू’ म्हणायचं का, हे तुम्हीच ठरवा. डाउनटाइमच्या रकान्यात मात्र आकडा सुंदर येईल. एखाद्या क्षेत्राने यशाचं माप म्हणून एकच आकडा धरला, की सगळी हुशारी तो आकडा खाली आणण्यात जाते. परीक्षेचं आपल्याकडे जे होतं, तेच.

ट्रॅकिंगचं तंत्रही बदललं. इंटेलने पेज मॉडिफिकेशन लॉगिंग, म्हणजे पीएमएल आणलं. केव्हीएममध्ये त्याचा वापर २०१५ च्या लिनक्स ४.० पासून. यात प्रत्येक नव्या पेजला फॉल्ट होत नाही. डर्टी बिट ० चा १ झाला की प्रोसेसर स्वतः त्या पेजचा पत्ता एका ५१२ नोंदींच्या बफरमध्ये लिहितो. बफर भरला की मगच हायपरवायजरला हाक. ५१२ हाकांच्या जागी एक.

मग दुसरीकडे दुखायला लागलं. १ टीबी मेमरीच्या व्हीएमचा बिटमॅप ३२ एमबी होतो. मोजकीच पेजं डर्टी असली तरी दर फेरीला तो अख्खा चाळायचा. त्यावर उपाय म्हणून २०२१ च्या लिनक्स ५.११ मध्ये केव्हीएमला डर्टी रिंग मिळाली : प्रत्येक व्हर्च्युअल सीपीयूची वेगळी यादी, चाळण्याचा खर्च मेमरीच्या आकारावर न राहता डर्टी पेजांच्या संख्येवर. रिंग भरली की तो सीपीयू थांबतो. म्हणजे जो फार लिहितो, तोच थांबतो. लगाम इथेही आहे, फक्त जास्त न्याय्य.

आणि एक भोक राहतंच. नेटवर्क कार्ड किंवा जीपीयू थेट व्हीएमला जोडलेलं असेल, तर ते डीएमएने मेमरीत लिहितं. सीपीयूची पेज टेबलं त्या वाटेवर नसतात. ना फॉल्ट, ना पीएमएल. पान बदललं, क्लिप जागेवरच! अशा व्हीएमचं मायग्रेशन करायचं तर उपकरणाने किंवा आयओएमएमयूने वेगळा हिशोब ठेवावा लागतो.

प्रत्येक नव्या पद्धतीने जुना एक खर्च कमी केला, आणि तो खर्च नेमका कुठला, हे आधी कुणीतरी वेगळा मोजला म्हणूनच कळलं. ‘डाउनटाइम अमुक मिलिसेकंद’ एवढ्यावर सगळे थांबले असते तर यातलं काहीच सुचलं नसतं.

तुमच्यासाठी काम

नुसतं वाचून हे अंगात मुरणार नाही. लॅपटॉपवर लिनक्स आणि क्यूईएमयू असेल तर एक संध्याकाळ काढा.

व्हीएम सुरू करा. त्यात वर सांगितलेला प्रोग्रॅम लिहा : मोठा अॅरे, दर ४,०९६ बाइटनंतर ८ बाइट. सीमध्ये दहा-पंधरा ओळी. मग क्यूईएमयूची calc-dirty-rate ही कमांड... नाव देवनागरीत लिहायचं तर कॅल्क-डर्टी-रेट, ती वापरा. तिच्या एका मोडमध्ये दर जीबीमागे काही पेजं नमुना म्हणून निवडतात, त्यांचा हॅश काढतात आणि ठरलेल्या वेळाने पुन्हा काढून तुलना करतात. दुसऱ्या मोडमध्ये डर्टी बिटमॅप वापरतात. पहिला मोड मजकूर बदलला का ते बघतो, दुसरा लिहिलं गेलं का ते बघतो.

आता प्रोग्रॅममध्ये दर वेळी तीच जुनी किंमत लिहा. दोन्ही मोडचे आकडे शेजारी ठेवा. एकाच मशीनचा, एकाच वेळचा डर्टी रेट दोन ठिकाणी वेगळा दिसेल, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतील. मग पेपर लिहिणाऱ्याने यातला कुठला छापला, हा प्रश्न तुम्ही आपोआप विचाराल.

यानंतर या विषयावरचा कुठलाही पेपर हातात घेतलात तर चार गोष्टी वहीत लिहून काढा. डर्टी कशाला म्हटलंय? खिडकी किती सेकंदांची? ट्रॅकिंगचा खर्च वेगळा मोजलाय की कॉपीच्या खर्चात मिसळलाय? आणि डाउनटाइमच्या आधीच्या काळात गेस्टचं काय झालं? चौथ्याचं उत्तर सापडलं नाही, तर तिथे तुमच्यासाठी रिसर्चचा प्रश्न पडलेला आहे, असं खुशाल समजा.

पुढच्या वेळी पोस्ट-कॉपी बघू : आधी मशीन हलवायचं, मेमरी मागून ओढायची. त्यात डर्टी पेजांचा हा सगळा हिशोबच लागत नाही. बदल्यात काय द्यावं लागतं, त्याचा अंदाज तोवर बांधून ठेवा.